विश्लेषण : त्वचेचा कर्करोग लसिका ग्रंथींत पसरला का? शस्त्रक्रियेआधी अंदाज बांधणे कितपत शक्य?

मेलानोमा हा त्वचेच्या कर्करोगांतील सर्वांत घातक प्रकारांपैकी एक. त्वचेवरची गाठ काढल्यानंतर डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न असतो तो लसिका ग्रंथींचा, म्हणजे लिम्फ नोडचा. कर्करोगाच्या पेशी तिथवर पोहोचल्या आहेत का? याचे खात्रीचे उत्तर मिळवण्यासाठी आजही ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. मात्र अशा १०० शस्त्रक्रिया केल्या तर साधारण ८० जणांच्या ग्रंथी स्वच्छ निघतात. मग या ८० जणांना आधीच ओळखता येईल का? गणिती नमुने, जनुकीय चाचण्या आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या तिन्ही मार्गांनी त्याचा शोध सुरू आहे. ‘मर्लिन’ या जनुकीय चाचणीच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाल्यापासून ही चर्चा पुन्हा रंगली आहे. हे अंदाज किती भरवशाचे आणि भारतीय रुग्णांना ते कितपत लागू पडतात, याचा हा आढावा.

मेलानोमा इतका धोकादायक का?

त्वचेला रंग देणाऱ्या मेलानोसाइट या पेशींपासून मेलानोमा सुरू होतो. त्वचेच्या इतर कर्करोगांपैकी ‘बेसल सेल’ प्रकार सर्वाधिक आढळतो, पण तो बहुधा जागच्या जागी वाढतो आणि क्वचितच दूर पसरतो. मेलानोमाची खोड वेगळी आहे. एक-दोन मिलिमीटर खोल गेलेली गाठसुद्धा ग्रंथी, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदूपर्यंत पेशी पाठवू शकते. जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात मेलानोमाचे सुमारे ३ लाख ३० हजार नवे रुग्ण आढळले आणि ५८ हजारांहून अधिक मृत्यू झाले. गोऱ्या त्वचेच्या लोकसंख्येत, विशेषतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, त्याचे प्रमाण सर्वाधिक आहे. भारतात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण आढळतो.

वेळेत निदान झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. त्यामुळे ‘कर्करोग आहे का’ या प्रश्नाइतकाच ‘तो कुठवर गेला आहे’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

लसिका ग्रंथींनाच एवढे महत्त्व का?

पायाला जखम होऊन पू झाला की जांघेत अवधाण येते, हा अनुभव अनेकांना असतो. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथीच. रक्तवाहिन्यांखेरीज शरीरात लसिकावाहिन्यांचेही जाळे असते. त्यातून वाहणारा द्रव ठरावीक ग्रंथींतून गाळला जातो. पायाचा द्रव जांघेकडे, हाताचा काखेकडे, डोक्याचा आणि चेहऱ्याचा मानेकडे असा हा साधारण मार्ग असतो. मेलानोमाच्या पेशी अनेकदा हाच रस्ता धरतात.

ग्रंथीत पेशी सापडणे म्हणजे आजाराचा टप्पा बदलणे. मध्यम जाडीच्या, म्हणजे १.२ ते ३.५ मिमी मेलानोमाच्या रुग्णांचा ‘एमएसएलटी-१’ हा आंतरराष्ट्रीय अभ्यास याबाबत बोलका आहे. त्याचा अंतिम अहवाल २०१४ मध्ये आला. ज्यांच्या ग्रंथी स्वच्छ होत्या, त्यांच्यापैकी सुमारे ८५ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही मेलानोमाने दगावलेले नव्हते. ग्रंथीत पेशी सापडलेल्या रुग्णांत हेच प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. हे आकडे आजची नवी औषधे येण्यापूर्वीच्या काळातले आहेत. तरीही ग्रंथींची स्थिती रुग्णाच्या पुढच्या वाटचालीबद्दल किती सांगून जाते, हे त्यांतून कळते.

‘सेंटिनल नोड बायोप्सी’ म्हणजे काय?

सेंटिनल म्हणजे पहारेकरी. गाठीच्या भागातून निघालेला द्रव सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोहोचतो, ती पहारेकरी ग्रंथी. कर्करोग ग्रंथींकडे निघाला असेल तर त्याला आधी हा नाका ओलांडावा लागतो. नाका स्वच्छ असेल, तर पुढच्या ग्रंथीही स्वच्छ असण्याची शक्यता खूप असते.

ही पद्धत मेलानोमासाठी रूढ करण्याचे श्रेय अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे शल्यविशारद डोनाल्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. त्यांचा शोधनिबंध १९९२ चा. त्यापूर्वी शंका असेल तर काखेतल्या किंवा जांघेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या जात, किंवा गाठ हाताला लागेपर्यंत वाट पाहिली जाई.

आता गाठीच्या जागेभोवती टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा आणि बऱ्याचदा निळा रंगही टोचला जातो. स्कॅन करून आणि हातात धरायच्या गॅमा प्रोबने कोणती ग्रंथी ‘वाजते’ हे पाहिले जाते. तेवढीच एक किंवा दोन-तीन ग्रंथी काढून त्यांचे पातळ काप तपासले जातात. एक मिलिमीटरपेक्षा लहान पुंजकाही विशेष रंगद्रव्यांच्या साह्याने दिसू शकतो. सीटी किंवा पेट स्कॅनला एवढे लहान पुंजके सहसा दिसत नाहीत. त्यामुळेच ‘स्कॅन नॉर्मल आला, मग ऑपरेशन कशाला’ या प्रश्नाला डॉक्टर नकारार्थी मान हलवतात.

येथे वेळेचे एक बंधन आहे. गाठीच्या जागेभोवतीची त्वचा रुंद काढून टाकली की लसिकावाहिन्यांचे मूळ रस्ते विस्कळीत होतात. म्हणून सेंटिनल बायोप्सी त्या मोठ्या शस्त्रक्रियेसोबतच केली जाते. निर्णय घेण्यासाठी रुग्णाच्या हाती सहसा काही आठवडेच असतात.

मग ही शस्त्रक्रिया सरसकट का करत नाहीत?

कारण ती लहान असली तरी शस्त्रक्रियाच आहे. बहुतेक वेळा पूर्ण भूल द्यावी लागते. जंतुसंसर्ग, जखमेत पाणी साचणे, हाता-पायाला सूज येणे असे त्रास काहींना होतात. त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग आणि अनुभवी पॅथॉलॉजिस्ट लागतात. खर्चही येतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ही बायोप्सी मुख्यतः माहिती देते, तिच्यामुळे आयुष्य वाढतेच असे नाही. ‘एमएसएलटी-१’मध्ये मध्यम जाडीच्या गटात बायोप्सी केलेल्या आणि फक्त निरीक्षणाखाली ठेवलेल्या रुग्णांची तुलना झाली. दहा वर्षांनी मेलानोमाने न दगावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ८१ आणि ७८ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण मात्र बायोप्सी गटात कमी होते.

२०१७ मध्ये आलेल्या ‘एमएसएलटी-२’ अभ्यासाने आणखी एक जुनी पद्धत मोडीत काढली. पहारेकरी ग्रंथीत कर्करोग सापडला तर त्या भागातल्या उरलेल्या सर्व ग्रंथी काढायच्या, असा तोवरचा शिरस्ता होता. १९०० हून अधिक रुग्णांवरील या अभ्यासात सर्व ग्रंथी काढलेल्या आणि केवळ सोनोग्राफीने लक्ष ठेवलेल्या अशा दोन्ही गटांत तीन वर्षांनी मेलानोमाने न दगावलेल्यांचे प्रमाण सारखेच, ८६ टक्के निघाले. मात्र हाता-पायाला सूज येण्याचे प्रमाण पहिल्या गटात २४ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ६ टक्के होते. थोडक्यात, जास्त कापल्याने त्रास वाढला, जीव वाचण्याचे प्रमाण वाढले नाही.

पाच आणि दहा टक्क्यांची रेघ काय आहे?

ग्रंथीत पसरण्याची शक्यता किती असेल तर बायोप्सी करावी? अमेरिकेतील ‘नॅशनल कॉम्प्रिहेन्सिव्ह कॅन्सर नेटवर्क’च्या मार्गदर्शक सूचनांत याची ढोबळ उतरंड आहे. शक्यता ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर बायोप्सीची सहसा शिफारस नाही. ५ ते १० टक्के असेल तर रुग्णाशी चर्चा करून विचार करावा. १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर बायोप्सीचा पर्याय द्यावा. जगातील अनेक केंद्रे याच आसपासची रेघ वापरतात.

हे आकडे निसर्गाने आखून दिलेले नाहीत. ५ टक्क्यांची रेघ म्हणजे ‘२० जणांमागे एकाचा पसरलेला कर्करोग सुरुवातीला नजरेतून सुटला तरी चालेल, कारण त्यासाठी उरलेल्या १९ जणांवर विनाकारण शस्त्रक्रिया करणे योग्य नाही’ असा डॉक्टरांनी केलेला तोल आहे. एखादा रुग्ण म्हणू शकतो की मला दोन टक्के धोकाही नको. दुसरा म्हणू शकतो की बारा टक्के असला तरी मी थांबेन. अंदाज बांधणारे कोणतेही साधन हा निर्णय घेत नाही. ते फक्त रुग्ण या रेघेच्या कोणत्या बाजूला आहे ते सांगते.

अंदाज कशावरून बांधला जातो?

सर्वांत मोठा आधार म्हणजे गाठीची जाडी. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली आहे यावरून आजाराचा पुढचा मार्ग बऱ्यापैकी सांगता येतो. आजही अहवालात ‘ब्रेस्लो थिकनेस’ हाच शब्द असतो. ०.८ मिमीपेक्षा पातळ आणि व्रण नसलेल्या गाठीत ग्रंथी बाधित असण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असते. ४ मिमीपेक्षा जाड गाठीत ती ३० टक्क्यांच्याही पुढे जाते. खरी अडचण मधल्या पट्ट्यात, विशेषतः १ मिमीच्या आसपास असते.

जाडीच्या जोडीला इतर बाबीही पाहिल्या जातात. गाठीवरची त्वचा फुटून व्रण झाला आहे का? पेशींचे विभाजन किती वेगाने सुरू आहे? गाठीलगतच्या सूक्ष्म वाहिन्यांत पेशी शिरलेल्या दिसतात का? मेलानोमाचा उपप्रकार कोणता?

यात वयाचा मुद्दा चक्रावून टाकणारा आहे. सारख्याच जाडीची गाठ असेल तर तरुण रुग्णाच्या ग्रंथीत कर्करोग सापडण्याची शक्यता वयस्कर रुग्णापेक्षा जास्त असते. दुसरीकडे मेलानोमाने मृत्यू येण्याचा धोका मात्र वयस्करांत जास्त असतो. म्हणजे ‘ग्रंथीत पसरेल का’ आणि ‘जिवाला धोका किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एका प्रश्नासाठी तयार केलेले साधन दुसऱ्याचे उत्तर देईलच, असे नाही.

गणिती नमुने किती अचूक आहेत?

हे सगळे घटक एका सूत्रात बसवून टक्केवारी काढणाऱ्या साधनाला नोमोग्राम म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राचा नोमोग्राम २००५ पासून वापरात आहे. २०२० मध्ये मेलानोमा इन्स्टिट्यूट ऑस्ट्रेलियाने नवा नमुना मांडला. वय, जाडी, उपप्रकार, पेशीविभाजनाचा वेग, व्रण आणि वाहिन्यांत शिरकाव असे सहा घटक त्यात आहेत. सुमारे साडेतीन हजार ऑस्ट्रेलियन रुग्णांच्या नोंदींवर तो बेतला गेला आणि अमेरिकेतील एमडी अँडरसन केंद्राच्या जवळपास तेवढ्याच रुग्णांवर पडताळून पाहिला गेला. कोणालाही तो संकेतस्थळावर मोफत वापरता येतो.

या अभ्यासात नव्या नमुन्याचा अचूकता निर्देशांक सुमारे ७४ टक्के, तर जुन्या न्यूयॉर्क नमुन्याचा सुमारे ६८ टक्के निघाला. या आकड्याचा अर्थ ‘१०० पैकी ७४ रुग्णांचे निदान बरोबर’ असा नाही. ग्रंथी बाधित असलेला एक आणि नसलेला एक अशा दोन रुग्णांची जोडी घेतली, तर १०० पैकी ७४ वेळा नमुना बाधित रुग्णाला जास्त जोखीम देतो, एवढाच त्याचा अर्थ. नाणे उडवून ठरवले तर हा आकडा ५० असेल. म्हणजे नाणेफेकीपेक्षा बरेच बरे, खात्रीपेक्षा बरेच दूर.

दुसरी कसोटी अधिक उपयोगाची आहे. नमुन्याने ज्यांना ‘१० टक्के’ सांगितले, अशा १०० जणांत प्रत्यक्षात दहाच्या आसपास जण बाधित निघतात का? हवामान खात्याने ७० टक्के पावसाची शक्यता सांगितलेल्या दिवसांपैकी खरोखर ७० टक्के दिवशी पाऊस पडला का, हे तपासावे तसेच हे. रेघ टक्क्यांत आखलेली असल्याने टक्केवारी खरी असणे इथे जास्त महत्त्वाचे.

जनुकीय चाचणी काय वेगळे करते?

सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कशी दिसते हे नोमोग्राम पाहतो. जनुकीय चाचणी त्या गाठीत कोणती जनुके किती जोमाने काम करत आहेत, ते मोजते. त्यासाठी पुन्हा तुकडा काढावा लागत नाही, पहिल्या बायोप्सीचा मेणात जतन केलेला नमुना पुरतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिक आणि नेदरलँड्सची स्कायलाइनडीएक्स कंपनी यांनी विकसित केलेली ‘मर्लिन’ चाचणी आठ जनुकांची पातळी, रुग्णाचे वय आणि गाठीची जाडी एकत्र करून ‘कमी जोखीम’ किंवा ‘जास्त जोखीम’ असे दोनच निकाल देते. अमेरिकेच्या कॅसल बायोसायन्सेस कंपनीची ३१ जनुकांची चाचणीही बाजारात आहे.

‘मर्लिन’च्या २०२५ मधील अभ्यासात १७०० च्या आसपास रुग्ण होते. प्रत्येकाची आधी जनुकीय चाचणी झाली आणि निकाल काहीही आला तरी ग्रंथीची बायोप्सीही झाली. त्यामुळे अंदाज आणि वास्तव समोरासमोर ठेवता आले. सुमारे ३७ टक्के रुग्ण कमी जोखमीचे ठरले आणि त्यांच्यापैकी सुमारे ७ टक्क्यांच्या ग्रंथीत कर्करोग निघाला. जास्त जोखमीच्या गटात हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते.

टक्क्यांऐवजी माणसे मोजली तर चित्र स्पष्ट होते. असे १००० रुग्ण घ्या. चाचणी नसेल आणि सर्वांवर बायोप्सी केली, तर साधारण १७५ जणांत कर्करोग सापडेल आणि ८२५ जणांची शस्त्रक्रिया ‘रिकामी’ जाईल. चाचणीनुसार चालल्यास ३७० जणांची शस्त्रक्रिया टळेल. पण त्या ३७० मध्ये सुमारे २६ जणांच्या ग्रंथीत कर्करोग असेल आणि तो तेव्हा कळणार नाही. उरलेल्या ६३० जणांवर बायोप्सी होईल, त्यातील १५० बाधित निघतील आणि तब्बल ४८० जणांची शस्त्रक्रिया तरीही रिकामीच जाईल.

म्हणजे चाचणीने ओझे कमी केले, पण संपवले नाही. बाधित असलेल्या दर सात जणांपैकी साधारण एकाला ती ‘कमी जोखीम’ म्हणून घरी पाठवते.

वाद नेमका कुठे आहे?

वाद आहे तो त्या ७ टक्क्यांवर. प्रचलित रेघ ५ टक्क्यांची आहे आणि ‘कमी जोखीम’ गटाची सरासरी तिच्या वर आहे. समर्थकांचे म्हणणे असे की, एकूण १७-१८ टक्क्यांवरून धोका ७ टक्क्यांवर येणे ही मोठी झेप आहे आणि ५ ते १० टक्क्यांच्या पट्ट्यात रुग्णाशी बोलून निर्णय घ्यायचा असतोच. टीकाकार विचारतात की, मोफत नोमोग्राम जे सांगतो त्यापेक्षा ही महागडी चाचणी नेमके किती अधिक सांगते? दोन्ही साधनांत वय आणि जाडी आहेच. मग जनुकांचे स्वतंत्र योगदान किती? या तुलनेचे निर्विवाद उत्तर आल्याशिवाय ही चाचणी सर्वांसाठी सक्तीची होण्याची शक्यता कमी.

सुटलेल्या २६ जणांचे काय होते, हाही प्रश्न आहे. कर्करोग सुटला म्हणजे रुग्ण दगावला, असे नाही. नियमित तपासणी आणि सोनोग्राफी होत राहिली तर ग्रंथी वाढल्याचे पुढे लक्षात येऊ शकते आणि तेव्हा उपचार करता येतात. या बाबतीत औषधांनी गणित बदलले आहे. प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणाऱ्या इम्युनोथेरपीमागच्या मूळ संशोधनाला २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. २०२४ मध्ये ‘नादिना’ अभ्यासाने दाखवले की, स्पष्ट वाढलेल्या ग्रंथी असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी दोन इम्युनोथेरपी औषधे दिली तर एका वर्षानंतर सुमारे ८४ टक्के रुग्णांचा आजार उलटलेला किंवा वाढलेला नव्हता. आधी शस्त्रक्रिया आणि मग औषध दिलेल्या गटात हे प्रमाण ५७ टक्के होते.

दुसरीकडे, ग्रंथी स्वच्छ असल्या तरी जाड मेलानोमासाठी पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२१ पासून मंजुरी आहे. त्यामुळे काही जाड गाठींत ग्रंथीचा निकाल काहीही आला तरी औषधाचा पर्याय खुला असतो. अंदाजाची खरी गरज उरते ती पातळ आणि मध्यम गाठींच्या रुग्णांना.

हा सगळा युक्तिवाद एका अटीवर उभा आहे. रुग्ण तपासणीला परत येतो आणि औषध त्याच्या आवाक्यात आहे, ही ती अट. इम्युनोथेरपीच्या एका मात्रेचा खर्च लाखांच्या घरात जातो. गावाहून शहरातल्या रुग्णालयात दर तीन-चार महिन्यांनी सोनोग्राफीला येणे अनेकांना जमत नाही. अशा रुग्णासाठी ‘थांबून पाहू’ हा पर्याय कागदावर दिसतो तितका सुरक्षित नसतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काय अपेक्षा?

गाठीच्या कापाचे डिजिटल चित्र संगणकाला दाखवायचे आणि त्याने ग्रंथींबद्दल अंदाज बांधायचा, असे प्रयोग सुरू आहेत. जर्मनीतील संशोधकांनी २०२१ मध्ये असा प्रयत्न प्रसिद्ध केला. माणसाच्या डोळ्याला न दिसणारे काहीतरी संगणकाला चित्रात सापडते, असे संकेत मिळाले, पण अचूकता नाणेफेकीपेक्षा थोडीच जास्त होती. सूक्ष्मदर्शकाची स्लाइड तयार करण्याची पद्धत आणि स्कॅनर प्रयोगशाळेगणिक बदलतात. एका प्रयोगशाळेत शिकलेला नमुना दुसरीकडे अडखळतो. सध्या तरी हे साधन संशोधनाच्या टप्प्यावरच आहे.

मुंबईतील अभ्यासाचे उत्तर वेगळे का?

‘ग्रंथी आधीच काढाव्यात की वाट पाहावी’ हा प्रश्न भारतात तोंडाच्या कर्करोगाबाबत फार पूर्वीपासून विचारला जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी त्यावर केलेला अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. सुरुवातीच्या टप्प्यातील तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. ग्रंथी वाढल्यावरच शस्त्रक्रिया केलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

म्हणजे मेलानोमात सगळ्या ग्रंथी काढून जीव वाचण्याचे प्रमाण वाढले नाही, तर तोंडाच्या कर्करोगात वाढले. दोन्ही आजारांची पसरण्याची रीत वेगळी आहे. त्यामुळे एका कर्करोगाची रेघ दुसऱ्याला लावता येत नाही. ओळखीतल्या कोणाच्या तरी उपचारावरून मेलानोमाचा निर्णय घेणे म्हणूनच धोक्याचे.

हे अंदाज भारतीय रुग्णांना लागू पडतात का?

येथे सर्वांत जास्त सावधगिरी हवी. वरील बहुतेक नमुने आणि चाचण्या प्रामुख्याने गोऱ्या रुग्णांच्या नोंदींवर बेतलेल्या आहेत. त्यांच्यात मेलानोमा पाठ, पाय, हात अशा उन्हात भाजलेल्या त्वचेवर जास्त होतो. भारतीय रुग्णालयांच्या नोंदींत तळपाय, तळहात आणि नखांखालच्या मेलानोमाचा वाटा मोठा असतो. त्याला ‘एक्रल’ मेलानोमा म्हणतात. उन्हाशी त्याचा संबंध फारसा नाही, जनुकीय बदलही वेगळे असतात आणि इम्युनोथेरपीला त्याचा प्रतिसाद तुलनेने कमी दिसतो. जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये आढळलेला मेलानोमा याच प्रकारचा होता. तो पसरून १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे तळपायावरचा डाग कुरूप समजून कापला जातो, नखाखालची काळी रेघ मार लागल्याची खूण समजून सोडून दिली जाते किंवा नखुरडे म्हणून मलम लावले जाते. निदान होईपर्यंत गाठ जाड झालेली असते आणि ग्रंथींपर्यंत पोहोचण्याची शक्यताही वाढलेली असते. अशा रुग्णाची माहिती परदेशी सूत्रात भरली तर आकडा येईल, पण त्या सूत्राने आपल्यासारखे रुग्ण फार थोडे पाहिलेले आहेत. जिथे नमुन्याची पडताळणीच झालेली नाही, तिथे ‘७ टक्के’ या आकड्याला ऑस्ट्रेलियात आहे तितके वजन देता येत नाही. भारतातील मोठ्या कर्करोग केंद्रांनी आपल्या नोंदी एकत्र करून या सूत्रांची स्वतंत्र पडताळणी करणे, हा त्यावरचा खरा उपाय आहे. त्यासाठी नवी चाचणी शोधण्याची गरज नाही. नीट भरलेले पॅथॉलॉजी अहवाल आणि रुग्णांचा पाठपुरावा लागतो.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट म्हणजे संशयास्पद तीळ जाळून काढू नये. आकार, रंग किंवा कडा बदलणारा, रक्त येणारा तीळ, तळपायावरचा वाढता काळा डाग किंवा नखाखालची रुंद होत जाणारी काळी पट्टी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. कॉटरी किंवा लेसरने तीळ जाळला तर जाडी मोजायला काही उरत नाही. मग नोमोग्राम, जनुकीय चाचणी, संगणक यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही. शक्य असेल तेव्हा पूर्ण डाग काढून तो पॅथॉलॉजी तपासणीला पाठवणे ही योग्य पद्धत आहे.

दुसरे म्हणजे हाती आलेल्या अहवालात ब्रेस्लो जाडी मिलिमीटरमध्ये, व्रण आहे की नाही, पेशीविभाजनाचे प्रमाण आणि वाहिन्यांत शिरकाव या चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते पाहावे. नसतील तर डॉक्टरांकडे मागाव्यात. नमुन्याचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेवाव्यात, कारण दुसरे मत घेताना त्याच लागतात.

तिसरे म्हणजे रुंद शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी सेंटिनल बायोप्सीबद्दल विचारावे. माझी शक्यता अंदाजे किती टक्के? तो आकडा कशावरून काढला? बायोप्सी केली आणि ग्रंथी बाधित निघाली, तर माझ्या उपचारात नेमके काय बदलेल? नाही केली तर तपासणीला किती वेळा यावे लागेल? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की टक्केवारीचा अर्थ लागतो. अंदाज कितीही चांगला असला तरी तो हजार जणांच्या गर्दीबद्दल असतो. त्यातल्या एकासाठी तो वापरायचा कसा, हे डॉक्टर आणि रुग्ण यांनी समोरासमोर बसून ठरवायचे असते, आणि तेही रुंद शस्त्रक्रियेपूर्वी.